शहापूर-मुरबाडला एक रात्र मुक्काम करायचाय? रीलमध्ये न दिसणाऱ्या या गोष्टी आधी तपासा

शुक्रवारची रात्र. मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील येते. हिरवा डोंगर, धुकं, निळ्या पाण्याचा स्विमिंग पूल आणि खाली ओळ: 'मुंबईपासून फक्त दोन तासांवर'. पाच मिनिटांत सगळे तयार होतात. दहाव्या मिनिटाला कोणीतरी यूपीआयने अ‍ॅडव्हान्सही भरून टाकतं. त्या जागेचं नेमकं गाव कोणतं, रस्ता कसा आहे, तिथे रात्री कोण असतं, बिल मिळणार का, हे प्रश्न शनिवारी दुपारी गाडी चिखलात अडकल्यावरच आठवतात.

मोठ्या शहरात हॉटेल निवडणं तुलनेने सोपं असतं. एक पसंत पडलं नाही, तर शेजारी दुसरं असतं. शहापूर किंवा मुरबाडमध्ये तसं होत नाही. जागा एकमेकींपासून दूर आहेत, अंधार पडल्यावर रिक्षा मिळणं अवघड आणि आतल्या गावांत मोबाईलची रेंज कधी गायब होईल सांगता येत नाही. त्यामुळे इथे चुकीची निवड केली, तर रात्रभर तिच्यासोबतच राहावं लागतं.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा?

याचं पहिलं कारण रस्ता. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो आणि शहापूरजवळ खुटघर इथे त्याचा इंटरचेंज आहे. मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसारा लोकल आधीपासून होतेच. आता नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांनाही शहापूर जवळ आलं आहे. बाईकवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, त्यांच्यासाठी जुना मुंबई-नाशिक महामार्गच.

दुसरं कारण कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शहापूर-मुरबाडमधल्या साध्या लॉजपासून मध्यम रिसॉर्टपर्यंतच्या खोल्या याच गटात येतात.

तिसरं कारण म्हणजे मुक्कामाच्या जागांचं बदललेलं रूप. पूर्वी इथे मुक्काम म्हणजे हायवेवरचं लॉज, नाहीतर ओळखीच्याचं घर. आता फार्महाऊस, व्हिला, टेंट कॅम्पिंग, होमस्टे, कृषी पर्यटन केंद्र अशी सगळी नावं कानावर येतात. नावं वाढली, पण त्या प्रत्येकाचा अर्थ काय आणि जबाबदारी कोणाची, हे पाहुण्यांना माहीत नसतं. आणि गडबड नेमकी तिथेच होते.

आधी ठरवा, मुक्काम कशासाठी?

'शहापूरला चांगलं हॉटेल कोणतं?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कारण शहापूर आणि मुरबाड हे दोन मोठे, डोंगराळ तालुके आहेत. तालुक्याच्या एका टोकाला खोली घेतली आणि जायचं दुसऱ्या टोकाला असेल, तर पहाटेचे दोन तास गाडीतच जातात.

माहुली किल्ल्यावर जायचं असेल, तर आसनगाव स्टेशनच्या आसपास किंवा थेट पायथ्याच्या माहुली गावात राहणं सोयीचं. हा ठाणे जिल्ह्यातला किल्ला. १६३६ मध्ये शहाजीराजांनी मुघल आणि आदिलशाही फौजांशी शेवटची झुंज दिली ती इथेच. चढाई पहाटे सुरू करणाऱ्याला हायवेवरच्या एसी खोलीपेक्षा पायथ्याच्या घरातली पडवी जास्त उपयोगाची.

आजोबाच्या डोंगराला जायचं असेल, तर डोळखांबच्या पुढे डेहणे गाठावं लागतं. गोरखगड-मच्छिंद्रगडासाठी मुरबाड तालुक्यातलं देहरी गाव. नाणेघाटासाठी मुरबाडहून टोकावडे, वैशाखरेच्या बाजूला. या गावांत ट्रेकर्सची सोय बहुतेक वेळा गावातल्या घरांमध्ये होते. त्यांना 'हॉटेल' म्हणून शोधायला गेलात, तर नकाशावर काहीच दिसणार नाही. ट्रेकिंग ग्रुपकडून किंवा गावातूनच नंबर मिळवावा लागतो.

माळशेज घाटासाठी मुरबाड हा कल्याण-अहिल्यानगर महामार्गावरचा शेवटचा मोठा बाजार. रात्री उशिरा निघून पावसात घाट चढण्यापेक्षा मुरबाड-सरळगावच्या पट्ट्यात थांबून सकाळी उजेडात पुढे जाणं केव्हाही शहाणपणाचं.

लग्नाला, कंपनीच्या कामाला किंवा मुरबाड एमआयडीसीत यायचं असेल, तर गावातलं साधं लॉज पुरतं. तिथे पूल नको, गरम पाणी आणि पार्किंग हवं. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा सुरू होते तेव्हा मात्र मुरबाडच्या बाजूला ऐनवेळी खोली मिळेल असं धरून चालू नका.

एक मोठा फरक वाहतुकीचा. शहापूरला रेल्वे आहे, स्टेशन आसनगाव. वाशिंद, आटगाव, खर्डी ही स्टेशनंही याच तालुक्यात. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला उतरून एसटी किंवा खासगी गाडी करावी लागते. स्वतःची गाडी नसेल, तर जागा निवडण्याआधी हा फरक बघायलाच हवा.

फार्महाऊस, होमस्टे, कृषी पर्यटन: फरक काय?

रीलमध्ये तिन्ही सारखेच दिसतात. कागदावर मात्र ते वेगळे आहेत.

कृषी पर्यटन केंद्र: राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी आपल्या शेतावर पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय करू शकतो. खोल्यांवर मर्यादा आहे. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते आणि प्रमाणपत्र मिळतं. अट अशी की तिथे खरोखर शेती हवी. नुसती हिरवळ आणि डीजे असलेल्या जागेने 'अ‍ॅग्रो टुरिझम' हा बोर्ड लावला असेल, तर प्रमाणपत्र आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

होमस्टे किंवा निवास-न्याहारी: मालक स्वतः त्या घरात राहतो आणि काही खोल्या पाहुण्यांना देतो. अशा घरांची नोंदणीही पर्यटन विभागाकडे करता येते. सोयी कमी, पण रात्री दिवे गेले किंवा कोणी आजारी पडलं तर हाक मारायला माणूस असतो.

फार्महाऊस किंवा व्हिला: सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. शेतजमिनीवरच्या फार्महाऊसची परवानगी मुळात मालकाच्या राहण्यासाठी आणि शेतीच्या सोयीसाठी असते. ते दर शनिवार-रविवारी भाड्याने देणं हा व्यवसाय झाला आणि त्याला वेगळ्या परवानग्या लागतात. अनेकदा मालक मुंबईत असतो, बुकिंग घेणारा एजंट ठाण्यात आणि जागेवर फक्त एक केअरटेकर. काही अघटित घडलं तर जबाबदार कोण, याचं उत्तर तिघेही एकमेकांकडे ढकलतात.

टेंट कॅम्पिंग: तलावाकाठचे तंबू फोटोत सुंदर दिसतात. पण जागा कोणाची, हे विचारा. धरणाच्या पाणलोटातली किंवा वनजमीन असेल, तर तिथला मुक्काम परवानगीशिवाय होऊ शकत नाही. तानसा अभयारण्याचा भाग याच परिसरात येतो. थंडीत कोळशाची शेगडी बंद तंबूत घेऊन झोपणं जीवघेणं ठरू शकतं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास असतो ना रंग.

या सगळ्यामागे जमिनीचाही प्रश्न आहे. शहापूर हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडमधली काही गावंही येतात. इथे आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे हस्तांतरित करता येत नाही. पाहुण्याने सातबारा तपासत बसावं असं कोणी म्हणणार नाही. पण गावातल्या माणसाच्या नोंदणीकृत केंद्रात राहिलात, तर पैसे कुठे जातात हे तरी स्पष्ट असतं.

पैसे भरण्याआधी काय तपासाल?

हॉटेल बुकिंगच्या नावाखाली होणारी ऑनलाइन फसवणूक हा आता नेहमीचा प्रकार झाला आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांना खोट्या वेबसाइट, सोशल मीडिया पेज आणि सर्च इंजिनवरच्या जाहिरातींबाबत सावध केलं होतं. पद्धत साधी असते. दुसऱ्याच रिसॉर्टचे फोटो उचलायचे, पेज बनवायचं, 'आज बुक केलं तर निम्म्या दरात' म्हणायचं, पैसे घ्यायचे आणि नंबर बंद करायचा.

लहान गावातल्या जागेची खातरजमा करायला काही सोपे उपाय आहेत.

पहिला, व्हिडिओ कॉल. मालकाला किंवा केअरटेकरला आत्ता, या क्षणी खोली, बाथरूम आणि गेट दाखवायला सांगा. खरी जागा असेल, तर दोन मिनिटांचं काम आहे. रेंज नसल्याचं कारण खरंही असू शकतं. मग लाइव्ह लोकेशन आणि जवळच्या दुकानाचं किंवा शाळेचं नाव मागा.

दुसरा, जीएसटी क्रमांक. महाराष्ट्रातला क्रमांक २७ या आकड्यांनी सुरू होतो आणि एकूण १५ अक्षरं-अंकांचा असतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. जेवण देणारी जागा असेल, तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक बिलावर असायला हवा.

तिसरा, पैसे कोणाच्या नावावर जात आहेत ते बघा. यूपीआयवर दिसणारं नाव आणि जागेचं किंवा मालकाचं नाव यांचा काहीच मेळ नसेल, तर थांबा. 'रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा' असं कोणी म्हटलं, तर तो शंभर टक्के सापळा समजा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

चौथा, रिव्ह्यू. पाच स्टार देणारे सगळे रिव्ह्यू एकाच आठवड्यातले असतील, तर ते बाजूला ठेवा. तीन स्टारवाले वाचा. 'जेवण छान पण पाणी दुपारी गेलं', 'रस्ता शेवटचा एक किलोमीटर कच्चा' अशा तक्रारींमध्येच खरी माहिती असते.

फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी. ठरलेली सेवा दिली नाही, अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

बिलाचं गणित

समजा, खोलीचं भाडं २,००० रुपये आहे. पूर्वी १२ टक्क्यांनी कर २४० रुपये व्हायचा. आता ५ टक्क्यांनी १०० रुपये. अजूनही कोणी १२ टक्के लावत असेल, तर ते चूक आहे. भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के. अख्खा व्हिला एकच युनिट म्हणून १५,००० रुपयांना दिला, तर एकट्या कराचे २,७०० रुपये होतात. म्हणून दर विचारताना 'करासकट की कराशिवाय?' हे आधीच विचारा.

आणखी एक बाब. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या आणि जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या होमस्टेला तुमच्याकडून थेट जीएसटी घेता येत नाही. अ‍ॅपवरून बुकिंग केलं, तर कर भरण्याची जबाबदारी त्या अ‍ॅपवर येते. त्यामुळे नोंदणी क्रमांक न देता 'जीएसटी वेगळा' म्हणणाऱ्याला क्रमांक मागायलाच हवा.

चेक-इनची वेळही बिलाइतकीच महत्त्वाची. काही लॉज २४ तासांचा हिशोब धरतात, रिसॉर्ट ठराविक वेळेचा, तर काही फार्महाऊस संध्याकाळी देऊन सकाळी रिकामं करायला लावतात. एक रात्र म्हणजे नेमके किती तास, हे मेसेजवर लिहून घ्या.

ओळखपत्र आणि 'कपल अलाऊड'

ओळखपत्र मागणं योग्यच आहे. पाहुण्यांची नोंद ठेवणं ही हॉटेलची जबाबदारी असते. पण आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार, मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स देता येतं. सोबतचा नातेवाईक परदेशी पासपोर्टधारक असेल, तर हॉटेलला त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते. छोट्या लॉजना ही प्रक्रिया माहीत नसते आणि ते ऐनवेळी नकार देतात. त्यामुळे आधीच विचारा.

दोन सज्ञान अविवाहित व्यक्तींनी एका खोलीत राहणं हा गुन्हा ठरवणारा कायदा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोईमतूरच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं होतं. 'अविवाहित जोडप्यांना प्रवेश नाही' किंवा 'स्थानिक ओळखपत्र चालणार नाही' हे त्या-त्या जागेचे स्वतःचे नियम असतात, सरकारचे नव्हेत. वाद घालत रात्र काढण्यापेक्षा फोनवरच विचारलेलं बरं.

पार्टीचा बेत असेल, तर हेही माहीत असू द्या. खासगी फार्महाऊसवरही दारूसाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत लाऊडस्पीकर लावता येत नाही. 'इथे सगळं चालतं' असं म्हणणारा एजंट पोलिस आल्यावर फोन उचलेलच असं नाही.

पावसाळ्यात काय वेगळं बघायचं?

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं ते यामुळेच.

त्यामुळे 'प्रायव्हेट धबधबा' दाखवणाऱ्या जागेला दोन प्रश्न विचारा. तिथे जायला सध्या परवानगी आहे का? आणि बंदी आली किंवा घाट बंद झाला, तर पैसे परत मिळणार का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

रात्रीच्या सुरक्षेचे प्रश्न आणखी साधे आहेत. पूलला कठडा आहे का, खोली किती आहे हे लिहिलंय का, लक्ष ठेवायला माणूस असतो का? खिडक्यांचं ग्रिल उघडतं का? बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का? २९ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्याच्या बडाबाजार भागातल्या हॉटेलच्या आगीत १४ जण गेले, त्यातले बहुतेक धुराने गुदमरून. खोलीत शिरल्यावर बाहेर पडायचा रस्ता बघायला अर्धा मिनिट लागतो.

शेतातल्या जागेत पावसाळ्यात सापांचा धोका खरा असतो. टॉर्च सोबत ठेवा, बूट झटकून घाला आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपू नका. सर्पदंश झाला, तर मांत्रिकाकडे किंवा यूट्यूबच्या उपायांकडे न जाता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. तुमच्या मुक्कामापासून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे आधी माहीत हवं.

पूलमधलं पाणी येतं कुठून?

हा प्रश्न बुकिंग करताना सहसा कोणी विचारत नाही. शहापूर हा धरणांचा तालुका. तानसा धरण इथे १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. भातसा धरण तर मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा भार उचलतं. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कितीतरी गाव-पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. भावली धरणातून पाणी आणण्याची चर्चाही गेली अनेक वर्षं ऐकू येते.

आता एक हिशोब करून बघा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल पूलमध्ये ६० हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे १० हजार लिटरचे सहा टँकर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरलं आहे. त्या हिशोबाने हे पाणी सुमारे १,०९० माणसांना एक दिवस पुरेल. पूल रोज नव्याने भरत नाहीत हे खरं. पण एप्रिल-मे महिन्यात बोअरवेल उपसून किंवा टँकर मागवून तो भरला जात असेल, तर शेजारच्या पाड्यावरच्या विहिरीवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

पर्यटन नको असं इथे कोणीच म्हणत नाही. शेती एका हंगामाची, हाताला काम कमी, अशा भागात होमस्टे आणि जेवणाच्या ऑर्डरमधून घरात पैसा येतो. जून-जुलैत शेवळं, कंटोळी, कुडाच्या फुलांची भाजी आणि तांदळाची भाकरी वाढणाऱ्या बाईला तुमच्या एका मुक्कामाने मिळणारी रक्कम मोलाची असते. प्रश्न एवढाच की पाहुण्याचा पैसा गावात राहतो की फक्त गावाचं पाणी वापरून शहरात परत जातो.

थोडक्यात: फोनवर विचारा हे दहा प्रश्न

१. नेमकं गाव कोणतं, आसनगाव स्टेशन किंवा मुरबाड एसटी स्टँडपासून किती अंतर?
२. शेवटचा रस्ता डांबरी की कच्चा? पावसात छोटी गाडी येते का?
३. नोंदणी कसली आहे: लॉज, होमस्टे की कृषी पर्यटन केंद्र?
४. दर करासकट की कराशिवाय? पक्कं बिल मिळेल का?
५. चेक-इन, चेक-आउट किती वाजता?
६. रात्री जागेवर कोण असतं, त्याचा नंबर काय?
७. लाइट गेली तर जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का? कोणत्या कंपनीची रेंज येते?
८. कोणती ओळखपत्रं चालतात, जोडप्यांसाठी काही अट आहे का?
९. रस्ता किंवा घाट बंद झाला तर रिफंडचं काय?
१०. पाणी कुठून येतं आणि २४ तास असतं का?

या दहा प्रश्नांना शांतपणे उत्तर देणारा माणूस सापडला, तर खोलीतला रंग थोडा उडालेला असला तरी चालेल. आणि तिसऱ्या प्रश्नालाच समोरचा चिडला, तर पुढचे सात विचारायची गरज नाही. अ‍ॅडव्हान्स खिशात ठेवा आणि दुसरा नंबर लावा.